नऊ नंबरचे गमबूट

करुणाचा चेहरा पाहण्याआधी मी तिचे पाय पाहिले. अठ्ठ्याण्णव सालचा जून असेल. कुरकुंभ फाट्यावर दौंडहून आलेली वडापची जीप थांबली, माणसं भराभर उतरली आणि सगळ्यांत शेवटी मागच्या फळीवरून एक मुलगी उतरली. कंपनीत रोजानं जाणाऱ्या आम्हा बायकांच्या पायांत स्लिपर असायच्या, त्याही टाचेशी झिजलेल्या. हिच्या पायांत टाचेचे तपकिरी सँडल होते. जवळ आली तेव्हा दिसलं, की सँडल जुनेच आहेत. पण पट्ट्यांच्या कडेनं निळ्या रेशमाची बारीक टीप घातलेली आहे आणि तुटलेल्या बकलाच्या जागी ब्लाउजचं मोठं बटण बसवलेलं आहे.

मी विचारलं, कुठून घेतले? ती म्हणाली, पुण्याच्या जुन्या बाजारातून, बाकीचं घरी केलं.

तिचे वडील बन्सी दौंडच्या मालधक्क्यावर हमाली करायचे. ती नववीत असताना वारले. आई सोजरबाई लोकांची धुणीभांडी करी. धाकटा भाऊ सतीश वायरिंगची कामं शिकत होता. करुणानं दहावीनंतर शिवणक्लास केला होता, पण घरात मशीन नव्हतं, म्हणून ती कुरकुंभला आली.

माझं वेगळं होतं. कामगार पुरवण्याचा ठेका माझ्या चुलत्यांचा, सर्जेरावांचा. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. नाना सोसायटीत, ग्रामपंचायतीत पुढारी. आमचं घर मात्र त्यांच्याच आधारानं चाललेलं. बारावीनंतर त्यांनी मला बायकांची हजेरी मांडायला ठेवलं. लग्न ठरेपर्यंत कर, म्हणाले.

कंपनीचं नाव सांगून आता उपयोग नाही. आमच्या बायकांचं काम ड्रम धुण्याचं. आतल्या प्लांटमधून रिकामे ड्रम बाहेर यार्डात यायचे, तळाशी काहीबाही केमिकल उरलेलं असायचं, ते ओतून, घासून, उलटे करून उन्हात ठेवायचे. बायका अकरा होत्या आणि गमबूट सहा जोड. त्यातला एक कायमचा माझा, कारण मी नानांची पुतणी. उरलेले पाच बायका पाळीपाळीनं घालायच्या. सगळे नऊ नंबरचे, पुरुषी मापाचे. बादलीत पाय घालून चालल्यासारखं व्हायचं. ओल्या फरशीवर कोणी ना कोणी रोज आपटायचं.

करुणानं दोन पाळ्या ते बूट घालून काढल्या. तिसऱ्या पाळीला ती पिशवीतून जुन्या गोधडीचे तुकडे, इलॅस्टिक आणि कात्री घेऊन आली. नानांनी कात्री पाहिली आणि सांगितलं, कंपनीच्या मालाला हात लावायचा नाही. मग तिनं बूट न कापता केलं. पुढे बोटांपाशी गोधडीची छोटी उशी, खाली तळव्याचा आकार कापून घातलेला, आणि घोट्यावर रुंद इलॅस्टिकचा पट्टा. प्रत्येक जोडाला वेगळ्या रंगाचा पट्टा, म्हणजे आपल्या मापाची उशी असलेला जोड जिचा तिला ओळखता यावा. जेवणाच्या सुट्टीत बसून तिनं पाचही जोड तसे केले. त्यानंतर बायका पडायच्या थांबल्या. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं, की ते बूट बाईमाणसाला घालता येतील असे कोणी केले असतील तर ते करुणानं.

ती नटवी होती, हे खरं. तिच्याकडे चारच साड्या-ड्रेस असतील, पण एकही बाजारातून आणला तसा राहिलेला नव्हता. घरून सँडल घालून यायची, शेडमध्ये खिळ्याला अडकवायची आणि कामाला स्लिपर किंवा पाळी असेल तर बूट. संध्याकाळी पाय धुऊन, पुसून, पुन्हा सँडल. बायका हसायच्या. ती म्हणायची, "दिवसभर कंपनीचे पाय असत्यात. जाताना तरी माझे मला पाहिजेत."

दोन हजार सालच्या जानेवारीत तिचं लग्न ठरलं. मुलगा नागसेन, शिरूरचा, रांजणगावच्या कारखान्यात लागलेला, कारेगावात खोली घेऊन राहायचा. लग्न वैशाखात, बुद्ध पौर्णिमेच्या पुढेमागे धरलं होतं. लग्नातली साडी पांढरी. तिच्याखाली सगळ्या जणी सोनेरी चपला घालतात, ते तिला पसंत नव्हतं. तिनं शाळेच्या पोरांचे असतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट आणले आणि त्यांवर पांढऱ्याच दोऱ्यानं पिंपळाची पानं भरायला घेतली. सुट्टीत मला दाखवायची. लांबून काही दिसायचं नाही, बोट फिरवलं की पान लागायचं.

मार्चमधल्या एका मंगळवारी तिची बुटांची पाळी नव्हती. कॉस्टिक सोड्याचे ड्रम आले होते. कॉस्टिक ॲसिडसारखं लगेच चटकत नाही, आधी साबणासारखं बुळबुळीत लागतं. पलीकडचा एक ड्रम कलंडला होता आणि त्याच्या तळाचं उरलेलं फरशीवरून वाहत करुणाच्या पायांखाली साचलं होतं. यार्डात साबणाचं पाणी नेहमीच असायचं. ती त्यात उभी राहून पाठमोरी ड्रम घासत राहिली. पाच मिनिटं, सात मिनिटं, कोण जाणे. मी दहा-बारा पावलांवर हजेरीची वही घेऊन उभी होते, माझ्या बुटांत.

मग ती एकदम खाली बसली. ओरडली नाही. "वैशू, माझे पाय बघ गं," म्हणाली.

पाण्याचा पाइप शेडच्या दुसऱ्या टोकाला होता. तो ओढून आणेपर्यंत उशीर झाला. स्लिपरचा पट्टा काढायला गेले तर त्याच्याबरोबर कातडी आली. यापुढचं मी कधी कोणाला सांगितलेलं नाही आणि इथंही सांगणार नाही.

आधी दौंडला, मग पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तिला नेलं. तीन महिने ती तिथं होती. मांडीची कातडी काढून पायांवर लावली. उजव्या पायाची दोन बोटं गेली. डाव्या पायाची सगळी बोटं एकमेकांना चिकटून वर ओढली गेली.

चौथ्या दिवशी नाना आमच्या घरी आले. चहा घेतला, वडिलांशी पावसापाण्याचं बोलले आणि मग मला बोलावून एक कागद पुढे ठेवला. टाइप केलेला होता. कामगार करुणा हिला गमबूट देण्यात आले होते. ती फॅशनच्या चपला वापरत असल्यामुळे तिने ते जाणूनबुजून घातले नाहीत. सोबत एक फोटो होता. यार्डातल्या कलंडलेल्या ड्रमशेजारी तिचे तपकिरी सँडल ठेवलेले. निळी टीप त्यात स्पष्ट दिसत होती.

मी म्हटलं, नाना, सँडल खिळ्याला होते. तिची पाळी नव्हती, बूटच नव्हते.

नाना आवाज न चढवता बोलले. "बूट व्हते. रजिस्टरला तसं हाय. हजेरी तू घेतीस, तवा सही तुझी लागंल. पाटसचं स्थळ मी बघतोय तुझ्यासाठी. त्यांना काय सांगू?"

वडील दारात उभे होते. ते बाहेर बघत राहिले. मी सही केली.

जूनमध्ये करुणा घरी आली तेव्हा नानांनी मला एक प्लास्टिकची पिशवी देऊन तिच्याकडे पाठवलं. आत नवे कोरे गमबूट होते. कारखाने तपासणारा सरकारी इन्स्पेक्टर घरी चौकशीला आला तर घरात बूट दिसायला हवेत, म्हणून. मला सांगितलं होतं, भेट म्हणून दे, पायाला पुढं उपयोगी पडतील म्हण.

सोजरबाईंनी मला आत घेतलं. करुणा खाटेवर बसली होती, पाय उशीवर, त्यांवर मच्छरदाणीचा तुकडा टाकलेला. मी पढवलेलं वाक्य बोलले. तिनं बूट काढून उलटा केला आणि तळ पाहिला.

"नऊच," ती म्हणाली. "म्हंजी मला बूट दिले व्हते, असं झालं का?"

मी मान खाली घातली. तिला सहीचं माहीत होतं की नाही, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

"ठेव तिथं," ती म्हणाली. सोजरबाईंनी मला चहा विचारला नाही.

नागसेन दवाखान्यात दोनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा त्याचे मामा आले आणि लग्न मोडलं, साखरपुड्याची साडी मात्र आम्ही परत मागणार नाही, असं सांगून गेले.

करुणा चालायला लागली तेव्हा खरा त्रास सुरू झाला. लावलेली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. अनवाणी चाललं की फाटायची, चपलेचा पट्टा लागला की सोलायची. अंगठ्यात पट्टा अडकवायला अंगठा जाग्यावर नव्हता. दौंड स्टेशनच्या रस्त्यावर खंडूमामा चपला शिवायला बसायचे. त्यांनी मऊ चामड्याचे दोन जोड करून दिले. दोन्हींच्या आतली शिवण चार दिवसांत लागली. खंडूमामा म्हणाले, चामड्याला शिवण येणारच पोरी, बिनशिवणीचं मी कुठून आणू?

बिनशिवणीची एक वस्तू तिच्या घरात खाटेखाली पडली होती. गमबूट साच्यातून निघतो, आतून सपाट असतो. नऊ नंबरचा, म्हणजे तिचा वाकडा पाय, त्यावर दोन थर कापूस आणि फडकं, एवढं सगळं आत मावत होतं. फक्त आत घाम धरला की कातडी सडली असती.

या खेपेला कात्रीला अडवणारं कोणी नव्हतं. खंडूमामांची चामडं कापायची रापी घेऊन तिनं बूट घोट्याखाली कापले. दोन्ही बाजूंना पानांच्या आकाराच्या खिडक्या पाडल्या, हवा जायला. पुढून फाडून भोकं पाडली आणि निळी नाडी ओवली, म्हणजे पाय वरून अलगद ठेवता यावा. आत आईच्या जुन्या सुती लुगड्याचं अस्तर. रोज काढून धुता येईल असं, बटणावर लावलेलं. कापलेल्या वरच्या नळीच्या रबराचे तळ केले आणि डाव्या पायाखाली एक जास्तीचा थर दिला, म्हणजे लंगडणं कमी व्हावं. हे एका दिवसात झालं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तीन वेळा पाय सोलला, तीन वेळा ती खाटेवर पडली आणि उठून पुन्हा रापी घेतली.

सोजरबाईंना ते सहन होत नव्हतं. सतीशनं मला नंतर सांगितलं. पायातलं शिवणं त्यांना मागच्या पिढीची आठवण करून द्यायचं. "बाबासाहेबांनी मेलेल्या ढोरांपासून सोडवलं आपल्याला, आन् तू पायताण शिवत बसलीस," त्या म्हणाल्या. करुणानं सांगितलं, की आपण ढोराचं कातडं शिवत नाही, कंपनीचं रबर शिवतोय, आणि तेही स्वतःच्या पायासाठी.

ती ते बूट घालून सगळीकडे जाऊ लागली. भर उन्हाळ्यात, रविवारच्या बाजारात, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत. साडी चार बोटं वर नेसायची, म्हणजे बूट झाकले जाऊ नयेत. पोरं मागून हसायची. भागुबाई म्हणून आमच्याबरोबर कामाला होती, तिनं बाजारात तिला बाजूला घेऊन सांगितलं, जरा लांब नेस, लोक बघतात. करुणा म्हणाली, बघू देत, त्यांनी बघावं म्हणूनच नेसते.

करुणानं वकिलामार्फत नाना आणि कंपनीवर भरपाईची केस लावली होती. दोन हजार एकच्या अखेरीला माझं पाटसला लग्न झालं. नवरा, विक्रम, साखर कारखान्यात फिटर. पुढच्या वर्षी, उसाचं गळीत सुरू झालं होतं तेव्हा, दुपारी दारात करुणा उभी. एसटीनं आली होती आणि स्टँडपासून चालत. बूट धुळीनं पांढरे झालेले, डाव्या बुटाच्या खिडकीतून अस्तर ओलं दिसत होतं. रक्त होतं की काय, मी विचारलं नाही.

सासूबाई, कस्तुराबाई, ओट्यावर डाळ निवडत होत्या. त्या उठल्या नाहीत.

करुणानं आडवळण घेतलं नाही. पुण्याच्या कोर्टात तारखेला समोरच्या वकिलानं तिच्या पायांकडे बोट केलं होतं. हेच ते बूट ना, म्हणजे दिलेच होते, असं म्हणाला होता. तिनं सांगितलं होतं, की हे जखम झाल्यावर घरी आणून दिले, आणि ज्या मुलीनं आणले तिला विचारा.

"तुझी सही हाय त्या कागदावर. मी वाचलीय," ती म्हणाली. "सही केलीस ते केलीस. आता येऊन खरं काय ते सांग. एवढंच मागते."

मी म्हटलं, बघते. घरी विचारते. मी पाणी आणायला आत गेले आणि तांब्या घेऊन बाहेर आले, तोवर ती रस्त्याला लागली होती.

सासूबाईंनी विचारलं, कोण होती? मी सांगितलं, कामावरची. त्यांनी एवढंच म्हटलं, की सर्जेरावांच्या शब्दावर आम्ही तुला केली. विक्रमला मी त्या वेळी काही सांगितलंच नाही. तारीख आली आणि गेली. दोन हजार तीनमध्ये केसचा निकाल लागला. दिलेलं साधन कामगारानं जाणूनबुजून वापरलं नाही, हे सिद्ध होतं, असं त्यात होतं. सिद्ध कशानं, तर माझ्या सहीनं, त्या सँडलच्या फोटोनं आणि तिच्या पायांतल्या बुटांनी.

मग ती घरीच शिवणकाम करू लागली. सतीशनं हप्त्यानं मशीन घेऊन दिलं. अधूनमधून कोणी पायानं अधू माणूस तिच्याकडं यायचा. पाटसच्या कारखान्यात उकळता रस पायावर पडलेला एक जण आला होता, साखरेच्या आजारानं बोट गेलेली एक म्हातारी आली होती. त्यांना तिनं तसे बूट करून दिले. पण त्याचा धंदा काही झाला नाही. तसे पाय घेऊन लोक घरातच बसून राहतात, तिच्यासारखे बाजारात कोण हिंडतंय?

एकदा शिरूरला मावसबहिणीच्या लग्नाला ती गेली. गमबुटांवर तिनं पांढरा कॅनव्हास चढवला होता. लग्नासाठी भरलेले ते शाळेचे बूट उसवून त्यांचीच पानं काढलेली कापडं वर शिवली होती. नागसेन तिथं होता, बायको आणि लहान मुलगी घेऊन. सतीश म्हणतो, तो बराच वेळ लांब उभा राहिला आणि शेवटी जवळ येऊन म्हणाला, की छान केलेत. करुणानं त्याला विचारलं, मुलगी कितवीत आहे. तो म्हणाला, अजून बालवाडीत. परतीच्या गाडीत मात्र तिनं बूट काढले आणि शिरूरपासून दौंडपर्यंत पाय वर घेऊन, तोंड खिडकीकडे करून बसली.

डाव्या पायाची जखम कधी पूर्ण भरलीच नाही. भरायची, फुटायची. दोन हजार सातच्या पावसाळ्यात ती चिघळून हाडापर्यंत गेली. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

मला भागुबाईकडून कळलं. त्या वेळी मला दोन मुलं होती. त्या रात्री मी विक्रमला सगळं सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, पाच वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस? सकाळी त्यानंच मला दौंडच्या एसटीत बसवलं.

करुणा त्याच खाटेवर होती. तिचा चेहरा ओळखू येऊ नये इतका उतरला होता. केस मात्र नीट विंचरलेले, आणि अंगावरच्या साध्या गाऊनला गळ्याशी निळी टीप. मी तिच्या पायाशी बसले आणि बोलायच्या आधीच मला रडू फुटलं.

तिनं थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाली, "वैष्णवी, ते पुरे कर. माझ्यासमोर रडून माझं काय व्हायचं? लिहून दे."

सोजरबाईंनी सतीशची वही आणून दिली. मी लिहिलं. बूट सहाच जोड होते. तिची पाळी नव्हती. सँडल खिळ्याला होते. नवे बूट मी स्वतः जूनमध्ये नेऊन दिले. सही कोणाच्या सांगण्यावरून केली. करुणानं दोनदा वाचायला लावलं, एका ठिकाणी "मला वाटतं" असं लिहिलं होतं ते खोडायला लावलं. वाटतं नको, म्हणाली, तुला माहीत होतं. मी खोडून तसं लिहिलं आणि सही केली.

सतीशनं तो कागद वकिलाकडे नेला. उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज झाला, वर्षभर चालला आणि फेटाळला गेला. साक्षीदारानं इतकी वर्षं गप्प राहण्याचं कारण पटण्यासारखं नाही, असं त्यात लिहिलं होतं. ते बरोबरच होतं. नानांनी आमच्याशी बोलणं टाकलं. वडील गेले तेव्हा स्मशानात आले, पण घरी आले नाहीत. कंपनीत आता ड्रम धुवायला मशीन आहे. बायका कमी केल्या.

एका शिबिरात करुणाला रबराचा पाय मिळाला. त्याचा रंग तिच्या कातडीपेक्षा बराच उजळ होता. तिनं तो कॉफीच्या पाण्यात फडकं भिजवून घासून पाहिला, मग चहाच्या, आणि काही जमेना तेव्हा तसाच वापरायला लागली.

मी वर्षातून एक-दोनदा जाते. ती बस म्हणते. मशीनवरचं काम हातातून ठेवत नाही. मुलांचं विचारते, सासूबाईंचं विचारते. त्या मंगळवाराबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. तिनं मला माफ केलंय का, हे मी विचारलेलं नाही, आणि तिनं आपण होऊन सांगितलेलं नाही. गेल्या खेपेला निघताना तिनं माझ्या साडीचा काठ हातात धरून पाहिला आणि म्हणाली, फॉल उसवलाय, साडी ठेवून जा, करून ठेवते. मी पिशवीतली दुसरी साडी नेसले आणि उसवलेली तिथं ठेवून आले.